त्रेचाळीस मिलिमीटर

आधी माझं चुकलं ते सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडावर फेकायला नको. भाच्याने तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तिच्या नखांत राखाडी माती होती. मला वाटलं, पोरगी मातीची भांडी करते, चार कुंड्या फुकट मिळतील. तेवढ्यात वाऱ्याने दार आपटलं आणि तिच्या हातातला कप थेट माझ्या नव्या सतरंजीवर. दाराला घाबरते ती संसार काय करणार, असं मी मनात म्हटलं. म्हणजे स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने म्हटलं, आणि तिने ते ऐकलं. अजून आठवलं की हसू येतं. मी तिला 'माती' म्हणू लागले ते तेव्हापासून.

कुंड्या काही मिळाल्या नाहीत. ही माती मळायची ती बंदूक झाडायला.

गोळी अडवणारी जॅकेटं तपासतात अशा ठिकाणी ती कामाला. सकाळी माती ओव्हनमध्ये कोमट करायची, पेटीत ठासून भरायची, तळव्याने सारखी करायची. मग वरून लोखंडी गोळा सोडून बघायचा, किती रुततो ते. ठरल्यापेक्षा कमी-जास्त रुतला की पुन्हा मळा. या मातीवर जॅकेट बांधायचं आणि दूर उभा असलेला माणूस गोळी झाडतो. आवाज विरला की हिने जॅकेट सोडायचं आणि मातीत पडलेला खड्डा मोजायचा. चव्वेचाळीस मिलिमीटरपर्यंत पास, पुढे नापास.

"अगं, नऊ वर्षं झाली, अजून फटाका वाजला तरी दचकतेस?" मी विचारलं होतं.

"नऊ वर्षं खड्डे बघतेय ना आत्या, म्हणून दचकते."

आणि अशा बाईने नवरा कोण करावा, तर बँकेची रोकड नेणाऱ्या गाडीवरचा रक्षक. माझाच भाचा, पण सांगते, ऐटबाज आहे. जुनं जॅकेट जड म्हणून तो कुरकुरायचा. कंपनीने नवं हलकं दिलं त्या दिवशी आरशासमोर गोल फिरून झालं. "आत्या, शर्टाखाली घातलं तर कळतसुद्धा नाही. पक्कं बुलेटप्रूफ."

"प्रूफ वगैरे काही नसतं," माती म्हणाली. "पिस्तुलाची गोळी अडते. मोठ्या बंदुकीची नाही. आणि काखेत तर कापडच नाही."

बोलता बोलता तिने आतली चिठ्ठी उलटून नंबर वाचला आणि मटकन खाली बसली. तो आंघोळीला गेल्यावर मी खोदून विचारलं. या नंबरचा माल तिनेच तपासला होता. एका जॅकेटाचा खड्डा त्रेचाळीस भरला होता.

"म्हणजे पास ना?"

"पास."

"मग?"

"एका मिलिमीटरने पास, आत्या."

कामावरच्या साहेबांकडेही जाऊन आली. साहेब म्हणाले, पास म्हणजे पास. आता नवऱ्याला सांगावं तर तो घाबरेल, घाबरलेला माणूस गाडीवर चुकतो, म्हणून गप्प. रोज सकाळी त्याचे पट्टे स्वतः बांधायची. सैल नको, दोन बोटं जातील इतकेच. तो म्हणायचा, "पार्सल पाठवतेस का मला?" ती हसायची नाही. तो निघाला की दिवसभर तिचा जीव टांगणीला. फोन वाजला की आधी हात पुसायची, मग नंबर बघायची, मग उचलायची.

मला बघवेना. मी माझी बटणांची पोलादी डबी रिकामी केली, चपटी, चांगली जाडजूड, आणि भाच्याला दिली. जॅकेटाच्या आत, डाव्या खिशात, बरोबर काळजावर ठेव म्हटलं. त्याने तीत पेपरमिंट भरले.

"आत्या, ती काढायला सांगा," माती म्हणाली. "कापड ताणलं जातं, गोळीला धरतं, थोडं आत येतं. त्याच्यामागे काही कडक असलं तर तेच बरगडीत घुसतं."

"अगं, पोलाद ते पोलाद. कापडाने कुणाचं भलं झालंय?"

भाच्याने माझी बाजू घेतली. पेपरमिंटची सोय झाली होती ना. ती त्याचे पट्टे बांधायला वळली. मऊ लागलं की कोपराने खणायची माझी जित्याची खोड.

महिन्याभराने, भर दुपारी, बँकेच्या दारात कुणीतरी पिस्तूल काढलं. तिला फोन आला तेव्हा कामाची माती ओव्हनमध्ये होती. तशीच निघाली, अंगात कामाचा कोट. मी दवाखान्यात पोचले तर बाकावर बसलेली, खिशात हात घालून काहीतरी घट्ट धरलेलं. बघितलं तर मोजायची पट्टी. एरवी माझं तोंड बंद होत नाही, पण त्या बाकावर मला देवाचं नावसुद्धा आठवेना. आतून कुणी बाहेर आलं की आम्ही दोघी उठायचो, ते पुढे निघून गेलं की बसायचो. असं किती वेळा झालं कोण जाणे.

शेवटी डॉक्टरीणबाई आमच्यासमोर थांबल्या. मातीने कसा आहे विचारलं नाही. विचारलं, "किती आत?"

"आत काहीच नाही. गोळी जॅकेटातच अडकली. डावीकडे एक बरगडी तडकलीय, भलामोठा काळानिळा डाग आहे. एक रात्र लक्ष ठेवू."

ती तिथेच भिंतीला टेकली. पट्टी हातातून गळून पडली आणि त्या आवाजालाही दचकली.

आत गेलो तर भाचा कण्हत होता आणि शेजारच्या खाटेवरच्याला हकिगत सांगत होता. जीव भांड्यात पडला तशी माझी जीभ सुटली. नर्सला म्हटलं, "माझी पोलादी डबी होती म्हणून वाचला."

"खरंय," भाचा म्हणाला. "आत्याची डबी. नेमकी तिथेच लागली."

"डबी नव्हती," माती म्हणाली.

"नव्हती कशी? रोज असते," भाचा म्हणाला.

"रोज नसते. रोज पट्टे बांधताना मी काढून घेते आणि चार पेपरमिंट तुमच्या पँटच्या खिशात टाकते. तुम्हाला पेपरमिंट मिळाल्याशी मतलब."

"उगाच काहीतरी," मी म्हटलं. "सून आहेस, मोठ्यांना श्रेय द्यायला शिक जरा. त्या डबीवर आता हा एवढा खळगा पडला असेल."

तिने पर्स उघडली. डबी काढून माझ्या तळहातावर ठेवली. आतले पेपरमिंट खुळखुळले.

"दाखवा खळगा."

मी झाकण बघितलं. तळ बघितला. चष्मा लावून पुन्हा झाकण बघितलं. नर्सही वाकून बघत होती, मेली.

"ओरखडा तरी दाखवा, आत्या."

"जुनी डबी आहे," मी म्हटलं, "ओरखडे असणारच."

"एक दाखवा."

मी डबी उघडली आणि एक पेपरमिंट तोंडात टाकला.