लेडी मार्जरीच्या भावाचं थडगं

चंद्रपूर सोडलं तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते, तरी रामटेके भाऊंनी गाडीचे दिवे चालूच ठेवले होते. नोव्हेंबर महिना, पण तीन दिवस सूर्य दिसला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेलं धान भिजून काळं पडत होतं. आमचे चालक रामटेके भाऊ यांची सिंदेवाहीकडे स्वतःची बांधी (भाताचं खाचर) होती, त्यामुळे ते गप्प होते. मागच्या सीटवर रोझमेरी खिडकीच्या काचेला कपाळ टेकून बसली होती.

रोझमेरी पंचाहत्तरीची, इंग्लंडात माझ्या लेकीच्या शेजारी राहणारी. तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ आर्थर इंग्रजांच्या काळात आलापल्लीला जंगल खात्यात साहेब होता आणि तिथेच तापानं गेला. त्याचं थडगं बघायचंय, एवढंच तिनं मला सांगितलं होतं. मी नाशिकची, जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेली, म्हणून दुभाषी झाले.

आष्टीच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली. पाणी राखेच्या रंगाचं होतं. पुढे लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्ता पार उखडला होता आणि एका खड्ड्यात आमचा टायर फुटला. रामटेके भाऊ चाक बदलू लागले. आम्ही मोरीच्या कठड्यावर बसलो. जाणारा प्रत्येक ट्रक लाल चिखल उडवत होता. तिथे रोझमेरी पहिल्यांदा मोकळी बोलली, ती मार्जरीबद्दल.

मार्जरी ही आर्थरची थोरली बहीण, उमरावाची लेक. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून तिनं मंत्र्याच्या घराच्या काचा फोडल्या आणि तुरुंगात गेली. तिथे अन्न सोडलं, तर चार जणींनी धरून नाकातून नळी घातली. बापानं तिचं नाव घ्यायचं नाही असा हुकूम काढला. घरातलं एकच माणूस तिला पत्रं लिहीत राहिलं, ते म्हणजे या जंगलातून आर्थर.

"आमच्या गावात तिच्या नावाचा दगडी फलक आहे," रोझमेरी म्हणाली. "लहानपणी मी रोज त्याच्यासमोरून शाळेत जायची. ताठ मानेनं."

आलापल्लीला पोचलो तेव्हा भुरभुर सुरू झाली होती. लाकूड आगारापाशी एक म्हातारे निवृत्त वनरक्षक भेटले. मी थडग्याचं विचारलं.

"साहेबाचं ना? ते सोनाबाईले विचारा. तेच झाडझूड करते तिथी."

"त्या का करतात?"

"तिचं तिलेच विचारा, बाई," असं म्हणून त्यांनी वाट दाखवली.

सोनाबाईचं घर सागाच्या राईला लागूनच होतं. ऐंशीच्या आसपासची बाई, सडसडीत, केस पांढरेशुभ्र आणि डोळे राखाडी. तसेच डोळे, रोझमेरीचे, मी सकाळपासून गाडीच्या आरशात पाहत होते. तिनं आम्हाला बाजेवर बसवलं, काळा चहा दिला. मग म्हणाली, "ते थडगं माह्या मायच्या बापाचं हाय. माही आजी गोंडीण. साहेब मेला तवा माय तीन वरसाची होती. सुबन नाव होतं तिचं."

हे रोझमेरीला कसं सांगावं, असा मला प्रश्न पडला. सांगितलं. ती दचकली नाही. तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "हे त्यांना वाचून दाखव. सगळं. एक शब्द गाळू नकोस."

मार्जरीनं लिहिलेल्या उत्तराची ती नक्कल होती. आर्थर गेल्यावर मिशनच्या एका परिचारिकेनं पोरीसाठी मदत मागितली होती, त्याचं उत्तर. मी वाचत वाचत मराठी करू लागले. 'आमच्या कार्याकडे आज साऱ्या देशाचं लक्ष आहे. असली गोष्ट बाहेर फुटली, तर शत्रूंना हसायला निमित्त मिळेल. माझ्या भावाच्या...' पुढच्या शब्दावर मी अडखळले.

"थांबल्या काऊन?" सोनाबाई म्हणाली.

"माझ्या भावाच्या चुकीशी आमच्या घराण्याचा संबंध नाही. यापुढे पत्र पाठवू नये."

"चूक म्हंजे माही माय?"

मी मान डोलावली. पाऊस कौलांवर वाजत राहिला.

मग तिनं विचारलं, "कोणतं काम करे ते बाई?"

मी सांगितलं, बायकांना मत देता यावं म्हणून ती तुरुंगात गेली होती.

सोनाबाई हसली नाही, रागावलीही नाही. "आपल्याकडं पयल्यांदा मतदान आलं, तवा यादीवाला घरी आल्ता. मी लहान होती. माहा बाप मेलेला. तो मायले म्हणे, कोणाची पोरगी ते सांग. मायनं साहेबाचं नाव सांगतलं. तो हसला, संगचे बी हसले. माय उठून घरात गेली. तिनं यादीत नाव लिवू देल्लं नाई, मंग कधीच नाई. मायनं जन्मात मत टाकलं नाई, बाई. तिले जाऊन तीस वरसं झाली."

हे मी इंग्रजीत सांगितलं. रोझमेरी दोन्ही हातांनी बाजेची दोरी धरून बसली होती.

"हे माह्या कोण लागतात?" सोनाबाईनं विचारलं.

"बहीण," मी म्हटलं. आपल्याकडे त्या नात्याला दुसरा शब्द नाही.

"बहीण," सोनाबाईनं तो शब्द एकदा म्हणून पाहिला. मग ती उठली आणि भात नि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढायला घेतलं. आम्ही तिघी जेवलो.

थडगं राईच्या आत होतं. दगडावरची अक्षरं झिजून गेली होती. शेजारीच मातीचा एक उंचवटा होता, नावाशिवाय. "माय," सोनाबाई म्हणाली. रोझमेरी आर्थरच्या दगडापाशी थांबली नाही. त्या उंचवट्यापाशी चिखलात गुडघे टेकून बसली. तिला उठवायला आम्हा दोघींना हात द्यावा लागला.

निघताना तिनं विचारलं, घराण्याच्या वंशावळीत सुबनचं नाव लिहिलं तर चालेल का?

"लिवा," सोनाबाई म्हणाली. "पण आता तिच्या काय कामाचं?"

दोन दिवसांनी नागपूरच्या विमानतळावर निरोप घेताना मी सहज म्हटलं, ते पत्र उशिरा सापडलं हे दुर्दैव. रोझमेरी माझ्याकडे पाहत राहिली.

"उशिरा नाही सापडलं. वडील वारले तेव्हाच त्यांच्या कपाटात होतं. मी ते चाळीस वर्षांपूर्वी वाचलं."

चाळीसातून तीस मी मनातच वजा केली: त्यानंतर दहा वर्षं सुबन जिवंत होती. तिनं ही वजाबाकी आधीच केलेली होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं सामान उचललं आणि आत गेली.

नाशिकला परतल्यावर शेजारणींनी विचारलं, कसा झाला प्रवास? मी जंगलाबद्दल सांगितलं, नदीबद्दल, लाखोळीच्या वरणाबद्दल. मार्जरीविषयी सांगू गेले तर काय सांगावं ते सुचेना. नळी नाकात जाताना जी बाई डगमगली नाही, ती एका तीन वर्षांच्या पोरीला भ्याली. मला वाटतं, तिच्यापाशी धैर्य होतं ते खरंच होतं. सुबनपर्यंत ते पोचलं नाही, आणि तिच्या मागून आलेल्यांपैकी कोणी पोचवलंही नाही.