आजीबाईचा पट्टा

वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी अख्ख्या ऑफिसची आजीबाई होणं सोपं नाही, पण तिला ते जमलं. कुठलंही यंत्र केकाटलं की ती त्यालाच दटावायची, "आधी आपसात बोला, मग माणसाला हाक मारा!" अंबरनाथच्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही रुग्णांसाठी मनगटाचा बँड आणि छातीचा पट्टा बनवायचो. त्यांना सांभाळणारं सॉफ्टवेअर माझं होतं. ती उल्हासनगरहून आमच्याकडे नोकरीला आली आणि माझं सुख संपलं. खरं सांगतो, मी जळायचो तिच्यावर. अजूनही जळतो.

बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर आम्ही काही म्हाताऱ्यांना बँड आणि पट्टे घातले. दुसऱ्याच सकाळी माझा फोन बोंबलू लागला, नाडी बंद, नाडी बंद! ॲम्ब्युलन्स घेऊन धावलो, तर सगळ्या जणी मजेत भात लावत होत्या. "म्हागाची वस्तू हाय, चिखलात कशी न्यायची?" म्हणून बँड घरात खुंटीला टांगलेले, पट्टे मात्र अंगावरच. आजीबाई हसली नाही. बांधावर बसून विचारत राहिली, कधी काढता, कधी घालता. हे मला का सुचलं नाही, याचा रागही मी तिच्यावरच काढला.

मग तिने माझ्या सॉफ्टवेअरला हात घातला. आता बँड गप्प झाला की ते आधी छातीच्या पट्ट्याकडे चौकशी करी. ठोके नीट असले तर बँडचं काम पट्ट्यावर सोपवून मोकळं, कुणाला त्रास नाही. साहेब म्हणाले, "याला म्हणतात डोकं!" मी दातओठ खात टाळ्या वाजवल्या. "टेन्शन मत ले रे, पाया तुझाच आहे," ती म्हणाली. तेही मला टोचलं. ती कंपनी सोडून बंगळुरूला गेली त्या दिवशी कात्रपच्या घरी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

यंदा बाबांनाही तोच जोड घातला. एकदा आंघोळीनंतर त्यांनी पट्टा घातला, पण बँड विसरले. दुपारी माझा फोन वाजला, एकदाच. पट्ट्याला ठोके चुकताना दिसले होते. आम्ही वेळेत हॉस्पिटल गाठलं. माझं जुनं सॉफ्टवेअर असतं, तर सकाळपासून बँडसाठी बोंबललं असतं आणि मी वैतागून फोन बंद केला असता.

बाबांची चौकशी करायला आजीबाईचा फोन आला. मी स्पीकर लावला. "माझ्या पोरानं बनवलंय हे, बरं का!" बाबा म्हणाले.

"माहितीये ना काका," ती म्हणाली, "मी त्याच्याच हाताखाली शिकले."

मी बाबांची उशी सारखी करत राहिलो.