दोघांवर एक ताडपत्री

आमच्या ह्यांना झाडाला टांगून झोपवायचं, हा बेत माझ्या लेकीचा. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मैत्रिणींबरोबर दोनदा हॅमॉक घेऊन रानात राहून आली आहे. हॅमॉक म्हणजे झोळीच, पोराला निजवतो तशी, फक्त मोठ्या माणसाच्या मापाची आणि दोन झाडांना बांधलेली. बारा महिने हिला पांघरूण घडी करता येत नाही आणि ही आम्हाला रानात झोपायला शिकवणार, असं मी म्हटलंही. पण मनातून मला तो बेत आवडला होता, कारण वेगळं होतं.

दीड वर्षापूर्वी हे न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातल्या ऑफिसात बसल्या खुर्चीवरच छाती धरून वाकले. ट्रकांच्या रांगेतून अँब्युलन्स बाहेर काढता काढता लोकांच्या नाकी नऊ आले म्हणे. मी पनवेलच्या हॉस्पिटलात पोचले तेव्हा ह्यांना आत नेलेलं होतं आणि एका नर्सने माझ्या हातात ह्यांचं घड्याळ आणि चपला दिल्या. दोन स्टेंट पडले. डॉक्टर म्हणाले, जड उचलू नका, बाकी चाला, फिरा, मजेत राहा. हे ऑफिसला परत जायला लागले, औषधं वेळेवर घ्यायला लागले, पण रात्री घराबाहेर राहायचं नावच काढेनात. एके काळी दर रविवारी डोंगर चढणारा माणूस! बहिणीकडे पुण्याला जायचं तर नको. भाच्याच्या लग्नाला अलिबागला गेलो, तर वरात निघायच्या आत आम्ही परतीच्या एसटीत. बिल्डिंगमध्ये, माहेरी, सगळीकडे मी सांगत सुटले होते, "ह्यांनी धसका घेतलाय हो. हॉस्पिटल जवळ नसलं की घाबरतात." पंचावन्नाव्या वर्षी माणूस असा घरकोंबडा होऊन बसला, की पुढची वीस वर्षं कशी काढायची, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

लेकीच्या मैत्रिणीच्या घरच्यांची आपट्याला पाताळगंगेच्या काठी आमराई आहे. तिथे एक रात्र राहायचं, स्टेशनपासून तासभर चालत जायचं, सगळं सामान पाठीवर. एवढंच. ह्यांनी एकेक खुसपट काढायला सुरुवात केली. साप निघेल. मग डास चावतील. मग सकाळचं काय. लेकीने सगळ्याला उत्तरं दिली. शेवटी म्हणाले, "दव पडतं या दिवसांत. वर छप्पर नसेल तर जमणार नाही."

"ताडपत्री आणली तर याल?" लेकीने विचारलं.

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "आईला विचार."

"मला काय विचारायचंय? मी कधीची तयार आहे," मी म्हटलं.

घोडं आता ताडपत्रीवर अडलं. लेकीने फोनवर दाखवल्या त्या घडी केल्यावर मुठीत मावतील अशा, आणि किंमत अशी की ह्यांची महिन्याची औषधं येऊन वर फळं येतील. अशा दोन-तीन लागणार. म्हटलं, एका रात्रीच्या दवासाठी एवढे पैसे घालवायला आपण काही वेडे नाही. पनवेलच्या बाजारात ताडपत्रीला तोटा आहे का? इथे पावसाळ्याआधी निम्मं गाव ताडपत्री घेतं. कौलांवर, बाल्कनीला, दुकानाच्या पुढ्यात, जिकडे बघावं तिकडे निळं-पिवळं प्लास्टिक. आणि दिवाळी झाली की तिला कुत्रं विचारत नाही. म्हणजे भाव पाडायचा मोसम हाच.

उरण नाक्याजवळच्या दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा गल्ल्यावर जांभया देत होते. त्यांनी विचारलं, "ताई, कौलावर टाकायची की टेम्पोवर?"

"खाली झोपायचंय," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "घर पाडलं का तुमचं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं, आणि कुणाला तरी पाणी आणायला पाठवलं. बिचाऱ्यांची समजूत घालता घालता मला घाम फुटला. हौस म्हणून झाडाखाली झोपणार आहोत, हे त्यांना काही केल्या पटेना. पण ते हळहळलेत हे बघून मी भाव करायला लाज धरली असं मात्र नाही. बारा बाय अठराची मागायला गेले होते. सीझन खतम झालाय, माल पडून राहणार, असं त्यांचंच म्हणणं त्यांच्यावर उलटवत त्याच पैशांत दुप्पट मोठी आणि सगळ्यात जाड घेतली. रिक्षावाल्याने ती उचलून आत ठेवली तेव्हाही मला काही सुचलं नाही. मोठी मिळतेय, जाड मिळतेय, तर पातळ कोण घेईल? आमच्यात टिकाऊ म्हणजे चांगली, आणि चांगली म्हणजे जड.

लेकीने घरी वजनकाट्यावर ठेवली. नऊ किलोच्या वर.

"आई, ही पाठीवर न्यायची आहे. बाबांनी पाच किलोही उचलायचं नाहीये," ती म्हणाली. "परत कर आणि दोन लहान, पातळ घेऊन ये. एक बाबांवर, एक तुझ्यावर."

"दोन नकोत," मी म्हटलं. "आम्हा दोघांवर एकच हवी."

"का पण?"

दोऱ्या जास्त लागतील, मी काहीतरी ठोकून दिलं. खरं कारण मला पोरीला सांगायचं नव्हतं. ही ताडपत्री दोन्ही बाजूंनी उतरती बांधतात, तंबूसारखी. दोन वेगळ्या बांधल्या की हे त्यांच्या आडोशाला, मी माझ्या. मग मला ह्यांचा श्वास कसा ऐकू येणार? घरी मी ह्यांच्या पाठीशी तळहात ठेवून झोपते. रात्रीतून तीन-चारदा उठते, छाती वरखाली होतेय ना बघते, आणि पुन्हा पडते. ह्यांना कळू नये म्हणून पाण्याला उठल्याचं सोंग करते. ते उपद्व्याप झोळीतून करायचे तर झोळ्या शेजारी हव्यात आणि छप्पर एक हवं.

दुसऱ्या दिवशी ते धूड घेऊन मी पुन्हा दुकानात. चाचा म्हणाले, उघडलेला माल परत घेता येत नाही. त्यांचं बरोबर होतं, तरी मी दोन शब्द बोललेच. मग पायरीवर येऊन बसले. शेजारी एक वाडीवरची मावशी करांद्यांची, म्हणजे रानातल्या कंदांची, टोपली घेऊन बसली होती. डोक्यावर काठीला बांधलेला प्लास्टिकचा तुकडा. आमचं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं.

"येवढी कशाला घेतली?" ती म्हणाली. "माणूस झोपतो केवढा? काप की."

"नवीकोरी ताडपत्री कापू?"

"मग वाहून ने." तिने खांदे उडवले. "आमी इटांच्या भट्टीवर जातो कामाला, सा म्हयने. पोरं, भांडी, छप्पर, सगला डोक्यावर. जड छप्पर घेऊन कोन जाईल?"

मला कसंतरीच झालं. मी हौसेचं छप्पर शोधत होते आणि ही बाई दर वर्षी खरंखुरं छप्पर डोक्यावर घेऊन चालत होती. तिच्या बोलण्यात मात्र रडगाणं नव्हतं. ती मला शहाणं करत होती.

"कापली तर कडेला दोरी ओवायची भोकं राहणार नाहीत," मी म्हटलं.

तिने रस्त्यावरचा एक गोटा उचलला, माझ्या ताडपत्रीच्या कोपऱ्यात आतून ठेवला, वरून प्लास्टिक आवळलं आणि त्या गाठोड्याच्या मानेला सुतळी गुंडाळली. "आता वढ," म्हणाली. मी जीव खाऊन ओढलं. सुटलं नाही. चाचांनी दुकानातून मोठी कात्री दिली आणि आम्ही तिघांनी भर रस्त्यात माझी नवी ताडपत्री कापली. अर्धी आम्हा दोघांसाठी. उरलेल्या अर्धीतला अर्धा तुकडा लेकीला. राहिलेला मावशीने स्वतःहूनच मागितला आणि बदल्यात माझ्या पिशवीत करांदे ओतले. मी पैसे काढले तर रागावली.

शनिवारी दुपारी आपट्याला उतरलो. आमच्या दोघांची ताडपत्री मी घेतली, लेकीने झोळ्या आणि भांडी, ह्यांच्या पाठीवर फक्त चादरी आणि करांदे. तासाची वाट आम्ही दोन तासांत गेलो, कारण दर वळणावर मीच "जरा टेकू या" म्हणत होते. हे निमूटपणे टेकत होते. बागेत पोचल्यावर ह्यांनी गोटे निवडले, एकेका कोपऱ्यात बांधले, चारही दोऱ्या तंग केल्या आणि लांब उभे राहून बघत राहिले. ऑफिसातून आल्यावर टीव्हीसमोर बसणारा माणूस तो नव्हताच. करांदे भाजले, मीठ लावून खाल्ले, लवकरच झोळ्यांत शिरलो. झोळी म्हणजे केळीच्या सालीत शिरल्यासारखं वाटतं, पण पाठीला बरी असते.

मी अर्थातच झोपले नाही. हातभर अंतरावर ह्यांची झोळी. तिच्या कडेवर बोटं टेकवून पडून राहिले, म्हणजे ह्यांनी श्वास घेतला की बोटांना कळायचं. ताडपत्रीवर दव टपटपत होतं. पहाटे, नदीच्या बाजूने उजाडायला लागलं, तेव्हा शेजारून आवाज आला.

"झोपली नाहीस ना?"

"आत्ताच जाग आली," मी म्हटलं.

"खोटं नको बोलूस. दीड वर्ष बघतोय मी. पाण्याला उठतेस आणि पाणी पीत नाहीस."

मी त्यांच्या झोळीवरची बोटं काढून घेतली.

"पुण्याला नको, अलिबागला नको, ते माझ्यासाठी नव्हतं गं," हे म्हणाले. "परक्या ठिकाणी तू रात्रभर टक्क जागी बसशील, हे मला माहीत होतं. घरी निदान दोन-तीन तास तरी तुझा डोळा लागतो. त्या दिवशी पोरीला म्हटलंही, आईला विचार म्हणून. तू म्हणालीस, मी कधीची तयार."

"मग सांगायचं नाही मला?" माझा आवाज चढला. "मी गावभर सांगत फिरले, ह्यांनी धसका घेतलाय म्हणून."

"ऐकत होतो की. म्हटलं, तुला सांगायला सोपं जातंय, तर मीच घाबरलेला बरा."

मी रडले. दीड वर्षात पहिल्यांदा, ह्यांच्या समोर, आणि लेक पलीकडे झोपली आहे याची पर्वा न करता. हॉस्पिटलात हातात चपला दिल्या तेव्हापासूनचं सगळं बाहेर आलं. हे झोळीतून उतरले, माझ्या झोळीशेजारी जमिनीवर बसले आणि पांघरूण माझ्या पायांवर नीट घातलं.

"आता तू झोप," म्हणाले. "मी आहे जागा."

लेक सांगते, मी चांगले साडेदहापर्यंत घोरत होते, आणि बाबांनी तिला चहाचं भांडंसुद्धा वाजवू दिलं नाही.