गाव पुसलं कुणी?

माझी वहिनी दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यातून तोंडाचं माप येतं, त्यावर ही दात बसवते. माप तिकडेच चुकलेलं असलं, तरी कवळी टोचली की ओरडा हिलाच. ही मुकाट्याने घासून देते. मला तिचा हा मुकाटपणा कधीच पटला नाही.

घरी आली की ती एका व्हिडिओ गेमची डागडुजी करते. त्यात आपलं गाव वसवायचं असतं. हौशी मंडळी पदरचे पूल, आगगाड्या बनवून त्यात घालतात. त्यांना मॉड म्हणतात. हे मॉड एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून एक सामायिक लायब्ररी, म्हणजे सगळ्या मॉडनी वापरायचा तयार कोड, आहे. ती लिहिणारा कंटाळून निघून गेला आणि ते लोढणं वहिनीने गळ्यात घेतलं. पगार शून्य, शिव्या मुबलक.

मध्यंतरी लोकांची जपून ठेवलेली गावंच नाहीशी व्हायला लागली. आगगाडीचा मॉड बनवणारा एक गृहस्थ आहे, सगळे त्याला सरदार म्हणतात. त्याने फोरमवर जाहीर केलं, "लायब्ररी गावं खाते. बाईंना जमत नसेल तर सोडून द्यावं."

वहिनी ताटाशेजारी लॅपटॉप ठेवून जेवायला लागली. शेवटी सापडलं. गाव जपून ठेवताना त्याचं नवं रूप लिहून होण्याआधीच सरदारची आगगाडी जुनं पुसून टाकत होती. मध्येच गेम बंद पडला की जुनंही गेलं आणि नवंही. तिने त्याला खासगीत कळवलं. उत्तर आलं, "मला शिकवू नका." चोराच्या उलट्या बोंबा!

"टाक सगळ्यांसमोर!" मी म्हटलं.

"भांडण मिटेपर्यंत आणखी गावं जातील त्याचं काय?" असं म्हणून तिने लायब्ररीतच सोय केली. कुणी जुनं गाव पुसायला गेलं की आधी त्याची प्रत बाजूला ठेवायची. गावं जायची थांबली. आणि सरदारने लिहिलं, "अखेर बाईंनी स्वतःची चूक निस्तरली." खाली शाबासकीची रांग, तीही त्यालाच.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काढ ती सोय! भोगू देत."

"गावं लोकांची आहेत, त्याच्या बापाची नाहीत!" वहिनी इतक्या जोरात ओरडली की आतून दादा बाहेर आला. तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि लायब्ररीत एक ओळ वाढवली.

दुसऱ्या दिवसापासून आगगाडीवाल्या प्रत्येकाच्या पडद्यावर पाटी यायला लागली: 'आगगाडी मॉड तुमचं गाव पुसत होता. प्रत ठेवली आहे.'

खाई त्याला खवखवे. सरदारचा फोन आला. वहिनीने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, ती पाटी काढा. बदनामी होतेय माझी."

"तुम्ही पुसणं थांबवा, पाटी आपोआप थांबेल."

"निदान मॉडचं नाव तरी नको."

"माझं नाव घेताना मला विचारलं होतं?"

त्याने फोन ठेवला. माफी त्याने आजतागायत मागितलेली नाही. पण त्याच आठवड्यात त्याच्या आगगाडीची नवी आवृत्ती आली आणि पाटी कुणालाच दिसेनाशी झाली.