एनिडबाईंचा पाद्री

मार्लकोट हॉल या जुन्या वाड्यात आम्ही म्हातारी माणसं बिनपगारी राखण करतो आणि येणाऱ्यांना इतिहास सांगतो. एनिड पर्स्लोबाई वरच्या खोलीतल्या खुर्चीवर, मी शेजारच्या खोलीत. माझ्याकडे एक पलंग आहे. त्यावर कुणी राणी झोपली होती म्हणतात. कुठली, ते विचारू नका, मलाच कधी नीट कळलं नाही. बाईंकडे मात्र पाद्री होता.

त्यांच्या खोलीत शेकोटीशेजारची फळी सरकवली की माणूस जेमतेम दुमडून बसेल एवढी पोकळी दिसते. चारशे वर्षांपूर्वी राणीचे शिपाई कॅथलिक पाद्र्यांच्या मागावर होते, तेव्हा एक पाद्री नऊ दिवस तिथे लपला आणि भिंतीतल्या भोकातून नळीने रस्सा पीत जगला, ही गोष्ट बाईंनी एकोणीस वर्षं दर मंगळवारी नि शुक्रवारी सांगितली. शाळेत मुलांना जेवण रांधून वाढण्यात हयात गेलेली बाई, त्यामुळे रश्श्यात काय काय असेल तेही सांगायच्या. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्या पलंगाकडे कुणी ढुंकूनही पाहायचं नाही, आणि मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मार्चमध्ये त्या पोकळीच्या तळाला कीड लागली म्हणून सुताराने फळ्या उचकटल्या. इकडचे सुतार कुणी बघणार नाही अशा जागी पेन्सिलीने आपलं नाव लिहून ठेवतात. तसं एका फळीच्या खालच्या अंगाला लिहिलेलं निघालं: ‘ही पोकळी जोसाया पर्स्लोने केली, जून १९०८. मालकांना पाहुण्यांना दाखवायला हवी होती. जेवायला आजही गार मटण.’

जोसाया म्हणजे बाईंचे आजोबा. बाई जन्मायच्या आधीच गेलेले. आर्थरशी लग्न झाल्यावरही बाईंनी माहेरचं आडनाव सोडलं नव्हतं.

व्यवस्थापकांनी सांगितलं, तज्ज्ञांचा अहवाल येईपर्यंत ‘असं मानलं जातं’ म्हणा आणि पुढे चला. अकराच्या चहाला बाईंनी बिस्किट कपात बुडवलं आणि काढायचं विसरल्या. ते विरघळून तळाला गेलं तरी त्या ढवळतच होत्या.

“शुक्रवारी चिठ्ठी देऊन मोकळी होते, बर्ट्रम. खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या.”

मी म्हटलं, तुमच्याच घरातलं काम निघालं, यात वाईट काय?

“वाईट की चांगलं, तेच कळेना. मिरवू की तोंड लपवू? लोकांना रडवलंय मी.” मग हळूच म्हणाल्या, “आर्थर गेल्यापासून निघायच्या आधी मी त्या पोकळीत डोकं घालून बोलायचे. पाद्रीबाबांशी. आर्थरचं, गुडघ्याचं, सगळं. इतकी वर्षं मी बोलत कुणाशी होते हो?”

दोन वर्षांपूर्वी दाराआडून ती गोष्ट ऐकताना मीही एकदा रडलो होतो, ते बाईंना कधी कळू दिलं नव्हतं. आता माणूसच नव्हता म्हटल्यावर ते रडू कोणाच्या नावावर टाकायचं? घरी गेलो तरी डोक्यात तोच गुंता.

शुक्रवारी बाई पर्समध्ये चिठ्ठी घेऊन आल्या. व्यवस्थापक यायच्या आधीच लेस्टरहून पाहुण्यांची बस आली, म्हणून नाइलाजाने खुर्चीवर बसल्या. निळ्या कोटातल्या एका आजीबाईंनी पोकळीत वाकून पाहिलं आणि विचारलं, “यात खरंच कुणी होतं का हो?”

मी माझा पलंग सोडून दारात आलो. बाई म्हणाल्या, “असं मानलं...” आणि अडल्या. फळीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

“होतं,” त्या म्हणाल्या. “माझे आजोबा होते. महिनाभर असेच दुमडून करवत चालवत होते, आणि गार मटण खाऊन खाऊन वैतागले होते. फळीखाली तसं लिहून ठेवलंय त्यांनी.”

आजीबाई हसल्या आणि ते अक्षर बघायचंय म्हणाल्या. मग सगळ्यांनाच बघायचं होतं. पाद्र्याचं काय झालं असं एकाने विचारलं, तेव्हा बाईंनी मला ठाऊक नाही असं सरळ सांगितलं. चिठ्ठीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, आणि मीही काढला नाही.

पाचला खिडक्या लावताना मी त्यांच्या दाराशी थबकलो. फळी सरकवलेली होती, बाईंचं डोकं आत होतं.

“आजोबा, मी एनिड,” त्या सांगत होत्या. “आर्थरचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.”