दोन फूट जास्तीचा दोर

गावाची बाजू पडली ती दोरवाल्याच्या हातांमुळे. हात स्वच्छ होते, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. फक्त लांब होते.

बंदराच्या धक्क्यामागच्या बोळात त्याचं दुकान. नांगराचे जाड दोर, जाळ्यांचे बारीक दोर, डांबर लावलेले, न लावलेले. आत गेलेला माणूस काही न घेता बाहेर पडला तरी वास घेऊन जायचाच. दोर विकायचा तो वावाने. दोन्ही हात पसरायचे आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढा दोर ताणला जाईल, तो एक वाव. सहा फूट, असं सगळे धरून चालतात. त्याच्या वडिलांनीही हेच माप चालवलं. पण वडील होते बुटके, आणि गिऱ्हाइकं त्यांना मागून ‘आखूडशेठ’ म्हणायची. मुलगा आईच्या वळणावर गेला. दारातून वाकून आत यायचा, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या समोरच्या भिंतीवरचं दिव्याचं बटण दाबायचा. तो दुकानात बसायला लागला तशी गिऱ्हाइकी वाढली. त्याला वाटायचं, आपण गोड बोलतो म्हणून.

धक्क्याला लागून जुन्या वखारीची जागा होती. ती एका कंपनीने घेतली आणि तिथे हॉटेल आणि फ्लॅट मिळून एक एवढी मोठी इमारत काढली, की नकाशात बाकीचं गाव तिच्या आवारात बांधल्यासारखं दिसत होतं. वखारीच्या मागे कस्टमची जुनी इमारत आणि तिच्या मनोऱ्यावर घड्याळ. बंदराच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडक. होड्या आत शिरतात त्या या घड्याळाच्या पांढऱ्या तबकडीवर नाक धरून. म्हणून पालिकेचा जुना नियम होता: बंदरात येणाऱ्याला तबकडी पुरती दिसली पाहिजे, मग पुढे काय हवं ते बांधा. कंपनी म्हणाली, दिसेल. गाव म्हणालं, झाकली जाईल. कागदावर कंपनीचं छत तबकडीच्या जरासं खाली बसत होतं, पण कागदही कंपनीचाच होता.

गावाच्या बाजूने पुढे होत्या शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई. निम्म्या गावाचे कान त्यांच्या हाताला ओळखत होते. त्या म्हणाल्या, कागदाला कागद लावून उपयोग नाही, डोळ्यांना दाखवू. जाहिरातीचा एक मोठा नारिंगी फुगा मिळवला. वखारीच्या जागेवरून तो इमारतीच्या उंचीएवढा सोडायचा आणि धक्क्याच्या टोकावरून बघायचं. इमारतीची उंची दीडशे फूट, म्हणजे पंचवीस वाव. दोरवाल्याने दोर फुकट दिला आणि सगळ्यांसमोर छाती काढून, हात ताणून स्वतः मोजला. फुगा वर गेला आणि तबकडीवर असा बसला की घड्याळाला भोपळा लागला आहे असं वाटावं. फोटो निघाले, पेपरात आले. दोरवाला दोन दिवस जरा जास्तच वाकून दारातून जात होता.

मग सुनावणी झाली. पालिकेच्या वरच्या हॉलमध्ये, कुरकुरणाऱ्या पंख्याखाली अधिकारीबाई बसल्या होत्या. गावाने फोटो ठेवले. कंपनीचा इंजिनिअर उठला. तरुण, सडपातळ, आवाज इतका हळू की मागच्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या.

“दोर कोणी मोजला?”

“मी,” दोरवाला म्हणाला.

“गेल्या महिन्यात तुमच्याकडून मी पाच वाव दोर नेला होता. मुलीच्या झोक्यासाठी.”

“आठवतं की. पांढरा, तीनपदरी. चांगला आहे ना?”

“उत्तम आहे. घरी टेप लावून मोजला. दोन फूट जास्त भरला.”

मागून कोणीतरी म्हणालं, “घ्या, दुकानदाराची ही तक्रार पहिल्यांदाच ऐकतोय,” आणि हॉल हसला. मास्तरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मनात गुणाकार केला होता. बाकीच्यांना हिशेब कळण्याआधी त्यांचा चेहरा कळला.

“पाचाला दोन,” इंजिनिअर म्हणाला, “तर पंचवीसला दहा फूट. फुगा आमच्या इमारतीपेक्षा दहा फूट वर होता, बाई.”

अधिकारीबाईंनी फोटो उलटा करून ठेवला. “म्हणजे हे खोटं?”

दोरवाला उठला. “फोटो खरा आहे बाई. दोर...” तो बसला. बसला तरी शेजारच्या उभ्या माणसाएवढा दिसत होता, त्यामुळे लपायची सोय नव्हती.

निकाल छोटा होता. शनिवारी सकाळी पुन्हा फुगा सोडायचा, पालिकेच्या लोखंडी टेपने मोजून. तबकडीच्या खाली राहिला तर हरकत फेटाळली, पुन्हा सुनावणी नाही. आणि बाई उठता उठता म्हणाल्या, “यापुढे गावाकडून आलेलं प्रत्येक माप मी दोनदा बघेन.”

घरी बायकोने जेवण वाढलं आणि समोर बसली. “हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं,” ती म्हणाली. “दोन्ही हात दाखवून करणारा आज बघितला.”

तिचा भाऊ जेवायला होता. त्याची प्रवाशांची लाँच. पलीकडच्या काठावरून माणसं आणायची, न्यायची. त्याला इमारत हवीच होती. “जे झालं ते बरं झालं, दाजी. हॉटेल आलं की माझ्या लाँचवर बसायला जागा मिळणार नाही.”

“आत्ता भरपूर आहे, म्हणून तर कोणी बसत नाही,” बहीण म्हणाली.

“बसतील, बसतील. तुम्ही शनिवारी फक्त हात खिशात घाला.”

“खिसे पुरायचे नाहीत,” बायको म्हणाली, आणि भावाच्या ताटात आमटी वाढताना पळी जरा आपटली.

दोरवाला हसला नाही. दुपारपासून दुकानासमोरून माणसं जात होती आणि आत बघत नव्हती. गावाची एकच हरकत उभी होती आणि ती याच्या दोराला टांगली होती. खरी उंची किती दिसेल हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही. बापाच्या आखूड मापाने एखाद्याची जाळी तोकडी पडली असेल. याच्या लांब मापाने बंदरच जायची पाळी आली होती.

शनिवारी सकाळी जमिनीवरचा वारा पडला. समुद्राचा सुरू होईपर्यंत मध्ये थोडा वेळ हवा अगदी स्तब्ध राहते, हे बंदरात सगळ्यांना ठाऊक असतं. काय व्हायचं ते त्या वेळात व्हायला हवं होतं. अधिकारीबाई, मास्तरीणबाई आणि सगळं गाव धक्क्याच्या टोकाला. वखारीच्या जागेवर दोघंच, दोरवाला आणि इंजिनिअर. दोघांनी मिळून टेप लावला. इंजिनिअरने दीडशे फुटांवर लाल दोरा बांधला, दोरवाल्याने तो ओढून बघितला. वखारीच्या जुन्या वजनकाट्याच्या ओट्यात एक लोखंडी कडी होती. लाल खुणेशी दोर कडीला बांधला आणि फुगा सोडला.

खालून तबकडी दिसत नव्हती. दिसत होतं ते फक्त फुग्याचं पोट. ठरलं होतं असं: तबकडी झाकली गेली तर मास्तरीणबाई छत्री वर धरतील, नाही तर खाली.

“लांबून तरी नीट दिसतंय का त्यांना?” दोरवाला पुटपुटला.

“दिसत असेल,” इंजिनिअर म्हणाला. त्याच्या हातात टेपची चकती होती आणि तो ती उगाच फिरवत होता.

टोकाला छत्री हलली. थोडी वर आली, थांबली, आणि मग हळूहळू खाली गेली. एखाद्या मुलाला नापास सांगताना बाई असाच वेळ घेत असतील.

दोरवाल्याने मान वळवून इंजिनिअरकडे बघितलं. तो हसला नाही. ते जास्तच टोचलं.

तेवढ्यात भोंगा वाजला. बंदराच्या तोंडातून मेहुण्याची लाँच आत येत होती, सुकाणूशी तो बसलेला, आणि पाण्यावरून त्याचा आवाज वखारीपर्यंत स्वच्छ ऐकू आला. “अरे, तो भोपळा काढा मधून. घड्याळ कुठं गेलं? खडकावर घालू का माणसं?”

धक्क्यावरची डोकी एकदम लाँचकडे वळली. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा मेहुण्याचा जन्माचा स्वभाव. पण या वेळी टाळ्याला लागलेलं त्याच्याच पोटावर आलं होतं. टोकाच्या पायऱ्या उतरून अधिकारीबाई त्याच्या लाँचमध्ये बसताना दोघांनाही दिसल्या. लाँच वळली आणि पुन्हा तोंडाकडे निघाली.

“आम्ही धक्क्यावर उभं राहून बघितलं होतं,” इंजिनिअर हळूच म्हणाला, जणू स्वतःलाच. “लाँचमध्ये माणूस खाली, पाण्यालगत बसतो. नजर खाली गेली की जवळचं उंच होतं, मागचं झाकलं जातं.” त्याने टेपची चकती खाली ठेवली. “नियमात ‘येणाऱ्याला’ लिहिलंय. येणारा धक्क्यावरून येत नाही.”

आणि तेव्हाच वारा आला.

आधी पाण्यावर सुरकुत्या, मग दोर कण्हल्यासारखा वाजला. फुगा एका बाजूला झुकला. लाँच अजून अर्ध्या वाटेवर होती. झुकलेला फुगा खाली दिसणार, म्हणजे संपलंच. दोरवाला कडीकडे धावला, तर कडीभोवतीचा चुना भुगा होऊन सुटत होता. पुढच्या झोताला कडी ओट्यातून उपटून निघाली आणि लाल खूण जमीन सोडून वर चालली.

त्याने दोर पकडला. ते लांब हात एकदाचे कामाला आले. पण फुगा मोठा होता आणि ओटा शेवाळाचा. खूण त्याच्या गुडघ्यापाशी, मग कमरेपाशी. खूण वर म्हणजे फुगा वर, आणि फुगा वर म्हणजे पुन्हा तेच: गावाने उंच केला.

“साहेब,” तो म्हणाला. एवढंच. मदत मागावी तर कुणाकडे.

इंजिनिअर दोन पावलं लांब उभा होता. त्याला काहीच करायची गरज नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. त्याने लाँचकडे बघितलं, दोराकडे बघितलं आणि शर्टच्या बाह्या तशाच ठेवून दोर धरला. दोघं मिळून खाली बसले. दोर इंजिनिअरच्या तळव्यांतून थोडा सरकला, त्याने दात आवळले पण सोडला नाही. खूण ओट्याला टेकली. दोरवाल्याने तिच्यावर टाच ठेवली.

“पाय काढा,” इंजिनिअर धापा टाकत म्हणाला. “खूण दिसली पाहिजे.”

“कुणाला?”

“मला.”

झोत ओसरला. फुगा डुलत डुलत सरळ उभा राहिला. दोघंही वर बघत होते आणि वर फक्त एक नारिंगी पोट होतं. पलीकडे, तोंडाशी, लाँच थांबली होती. भोंगा वाजला. मग पुन्हा वाजला.

अधिकारीबाई परत आल्या तेव्हा साडीचा काठ भिजला होता. मागे सगळं गाव. त्यांनी सुटलेली कडी बघितली आणि थेट इंजिनिअरला विचारलं, “मी तिकडून बघितलं तेव्हा खूण जमिनीवर होती?”

कंपनीचा मॅनेजरही गर्दीत होता. दोरवाल्याने खाली बघितलं. आपल्या शब्दाला आज किंमत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“कडी निघाली तेव्हा वर गेली होती,” इंजिनिअर म्हणाला. “नंतर आम्ही ती खाली आणली. तुम्ही तोंडाशी थांबलात तेव्हा जमिनीवर होती. मीच धरली होती.” त्याने तळवे दाखवले नाहीत, पण हातरुमाल गुंडाळला होता आणि तो लाल झाला होता.

“तोंडाशी तबकडी अर्धी झाकली जाते,” बाई म्हणाल्या. “नकाशा परत न्या. मजले कमी करून आणा.”

इमारत रद्द झाली नाही. ती बुटकी व्हायची ठरली. गावाने तेवढ्यावर समाधान मानलं, कारण बुटक्या मापाची गावाला जुनी सवय होती. मेहुणा महिनाभर बहिणीकडे जेवायला आला नाही. आला तेव्हा म्हणाला, “मी घड्याळाबद्दल बोललो होतो, इमारतीबद्दल नाही.” बायकोने त्याला आमटी जास्त वाढली.

दुकानात आता लोखंडी टेप टांगलेला आहे. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून मान हलवतात आणि म्हणतात, “हातानेच मोजा हो.” यामागचं कारण दोरवाल्याला आता समजलं आहे. तो टेपनेच मोजतो, आणि गिऱ्हाइकी थोडी कमी झाली आहे.

इंजिनिअरची बदली झाली. जायच्या आधी तो दुकानात आला होता, तळव्यांवर पट्ट्या. “तुमचा दोन फूट दोर माझ्याकडे आहे,” तो म्हणाला. “कापून आणणार होतो. पोरगी झोक्यावरून उतरेना.”

“असू द्या. द्या कधीतरी.”

“पैसे घ्या मग.”

“पैशाने दोर परत येतो होय?”

तो गेला. बायको अजून मधूनच विचारते, “आले का तुमचे दोन फूट?”

“नाही.”

“मागून घ्या की. पत्ता आहे ना?”

“एका बाजूने कापला तर झोका तिरका होईल,” दोरवाला म्हणतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी टेप काढतो.