सोळा मशीन, पाचशे बारा कोअर

मार्च महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम सहा लाख चौदा हजार चारशे, कर वेगळा. हजर माणसे चार: इंजिनिअरिंग कॉलेजचे विश्वस्त, संगणक विभागाच्या प्रमुख मॅडम, लेखा विभागातले क्लार्क आणि कंपनीतर्फे मी.

कंपनी पुण्याची. बरेच संगणक एकत्र जोडून मोठी गणिते करायची असली, की कोणते काम कोणत्या मशीनवर कधी चालवायचे हे ठरवणारे सॉफ्टवेअर ती विकते. सोलापुरात त्याचे गिऱ्हाईक हे कॉलेज एकच. ते सुटले तर मला पुण्याला जावे लागेल, हे वरिष्ठांनी आधीच सांगितले होते. बायको इथल्या शाळेत शिक्षिका, मुलगी बारावीत. मला जायचे नव्हते.

कॉलेजच्या लॅबमध्ये सोळा मशीन. तोवर मशीनमागे वर्षाला बारा हजार घेत होतो, म्हणजे एक लाख ब्याण्णव हजार. त्या वर्षी कॉलेजने सगळी मशीन बदलली आणि कंपनीने दराची रीत बदलली. आता मशीनऐवजी आतले कोअर, म्हणजे प्रत्यक्ष गणिते करणारे भाग, मोजायचे. एका मशीनमध्ये बत्तीस, एकूण पाचशे बारा, दर बाराशे.

विश्वस्तांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांनी कोटेशन दोनदा वाचले.

"चार धोट्यांचा माग घेतला म्हणून शेडचं भाडं कुणी चौपट मागतंय का हो?"

मी म्हणालो, कंपनीचे धोरण आहे.

मॅडम म्हणाल्या, "साहेब, हेच काम करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय. सुट्टीत चार मशीनवर बसवून बघितलं. चालतंय."

"फुकट म्हणजे अडलं तर येणार कोण?" मी विचारले. हे वाक्य पुण्याहून पढवलेले होते.

"गेल्या वर्षी तुम्ही किती वेळा आलात?"

मी प्रत्येक फेरी डायरीत लिहितो. डायरी उघडली आणि मोजून सांगितले, अकरा वेळा. त्यांनी कारणे विचारली, तीही वाचली. सात फेऱ्या कुठल्या ना कुठल्या मशीनच्या लायसन्सची मुदत संपून सॉफ्टवेअर बंद पडल्याच्या, चार खऱ्या बिघाडाच्या.

विश्वस्त क्लार्ककडे वळले. "कुलूप यांनीच लावायचं, उघडायला यांनाच बोलवायचं, आन पैसे आपण द्यायचे. धंदा लई चांगला हाय की."

क्लार्क हसले. मीही थोडा हसलो.

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. "डायरी वाचून दाखवायची काय गरज होती?" मी म्हणालो, त्यांनी विचारले होते. सोमवारी कंपनीने दर निम्म्यावर आणला, तीन लाख सात हजार दोनशे. मी कागद घेऊन गेलो. विश्वस्त म्हणाले, "परवा सहा, आज तीन. मी परवाच सही केली असती तर वरचे तीन कुणाच्या खिशात गेले असते?" एप्रिलपासून कॉलेज फुकटच्या सॉफ्टवेअरवर गेले. त्या तिमाहीत कंपनीची इतर गावांतली आणखी तीन गिऱ्हाइके त्याच वाटेने गेली. मला जुलै अखेरपर्यंत पुण्यात हजर व्हायला सांगितले.

जूनमध्ये मॅडमचा फोन आला. परीक्षेच्या कामात गुंतल्या होत्या आणि इकडे प्राध्यापकांची कामे रांगेत अडकली होती. त्यांनी चार दिवस इंटरनेटवर उत्तरे शोधली. "सापडतं सगळं, पण माझा तास कोण घेणार? तुम्ही येऊन बघता का? काय होतील ते पैसे देऊ."

मी कंपनीचा पगारदार, परस्पर पैसे घेता येत नव्हते. वरिष्ठांना पत्र लिहिले: फुकटच्या सॉफ्टवेअरची देखभाल आपणच विकू. उत्तर फोनवर आले. "आपली दुकानदारी ज्याने बुडवली त्याचीच चाकरी करायची का?" मी चारही गेलेल्या गिऱ्हाइकांची मशीन मोजून वर्षाला किती मिळतील तो आकडा पाठवला. तीन आठवड्यांनी होकार आला, एका अटीवर. मी सोलापुरात राहायचे, पण पगार महिना सहा हजारांनी कमी. रात्री बायकोने पुण्यातले घरभाडे कागदावर मांडले आणि म्हणाली, "सहा हजारांत सुटतोय आपण." मी अट मान्य केली.

दर मशीनमागेच हवा, असे विश्वस्तांनी करारात लिहून घेतले. सोळा मशीन, प्रत्येकी साडेचार हजार, बहात्तर हजार. फुकटचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पाच हजार पाठवावेत असे मॅडमना वाटत होते. क्लार्क म्हणाले, "पाठवा की, पण बिल कुणाचं लावू?" बिल मिळण्यासारखे नव्हते, म्हणून ते राहिले.

ऑगस्टमध्ये कॉलेजने करासह चौऱ्याऐंशी हजार नऊशे साठ रुपयांचा चेक कंपनीच्या नावे दिला. पाच हजार मॅडमनी स्वतःच्या खात्यातून त्या लिहिणाऱ्यांच्या संस्थेला पाठवले.